तीन पिढ्या, एक सूप

हे प्रकरण सोलापुरातल्या आमच्या नऊ जणांच्या फोटो-गटाचं आहे. माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, बोळ कुठला ते सांगितलेलं नाही, आणि तो फोटोही इथे नाही. चूक कुणाची किती, ही वाटणी पुढे करावी लागेलच. त्यातला मोठा वाटा माझा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना तुम्ही तेच शोधत बसणार नाही.

पार्श्वभूमी

आमच्या गटात कुणी पोटासाठी फोटो काढत नाही. मी बँकेतून निवृत्त झालेला, एक शिक्षिका, दोघे यंत्रमागाच्या धंद्यातले, एक वकील, असे सगळे. रविवारी सकाळी निघायचं, दोन तास फिरायचं, चहा प्यायचा आणि एकमेकांच्या फोटोंना नावं ठेवायची.

रस्त्यावरच्या फोटोंसाठी सोलापूर सोपं शहर आहे. माणसं कॅमेऱ्याला बिचकत नाहीत. मंगळवार बाजारात कॅमेरा बाहेर काढला की भाजीवालाच सांगतो, "तिकडून नको, इकडून घे, ऊन इकडं हाय." पण याच सोपेपणामुळे सगळ्यांचे फोटो सारखे येतात. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत बाराबंदी घातलेले मानकरी नंदीध्वज पेलत निघाले की रस्त्याच्या दुतर्फा डोक्यांपेक्षा मोबाइल जास्त दिसतात. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथाचं तेच. तलावात देवळाचं प्रतिबिंब पडलेला फोटो तर गटातल्या प्रत्येकाकडे आहे, माझ्याकडे चार आहेत.

म्हणून त्या वर्षी ठरवलं की सण नको, देऊळ नको, तलाव नको. कामाच्या दिवशीची माणसं घ्यायची. मागावरचा कामगार, शाळेचे गणवेश शिवणारे कारागीर, कडक भाकरी थापणाऱ्या बायका, चहाच्या टपरीवरचा पोऱ्या (त्याचा फोटो घेतला तेव्हाच खरं तर आम्हाला थांबून विचार करायला हवा होता, पण तो पुढे निवडीत मागे पडला आणि विषय राहून गेला). वर्षभर काढायचे आणि १९ ऑगस्टला धरून तीन दिवसांचं प्रदर्शन लावायचं. १८३९ मध्ये याच तारखेला फ्रेंच सरकारने दागेरची छायाचित्रणाची रीत सगळ्यांसाठी खुली केली, म्हणून तो जागतिक छायाचित्रण दिन.

पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायका हा विषय यादीत असणारच होता. सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आठवते. पण या भागात घरोघरी पुरुष मागावर आणि बाई सुपापुढे, अशा कितीतरी पिढ्या गेल्या. विडी कारखान्याच्या ब्रँचवरून पानं आणि तंबाखू आणायची, पानं भिजवून कापायची, वळायची, दोरा बांधायचा आणि मोजून परत द्यायची. मजुरी हजार विड्यांमागे. ज्या बाईच्या नावाचं कार्ड, तिच्या नावावर हिशेब. हे कार्ड पुढे या गोष्टीत महत्त्वाचं ठरलं.

फोटो कसा झाला

फोटो काढला आमच्यातल्या सगळ्यात तरुण मुलाने. तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो आणि त्याची सुटी सोमवारी असते. फेब्रुवारीतला सोमवार होता, सकाळचे साडेदहा. पूर्वेकडे तोंड असलेलं बुटक्या दाराचं घर, दारातल्या कट्ट्यावर पाय पसरून बसलेली साठीपुढची बाई, मांडीवर सूप. ऊन तिच्या हातांवर येऊन थांबलेलं आणि मागे घरात काळोख. मी असतो तर मीही थांबलो असतो.

त्याने विचारलं. हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर "न विचारता काढला" अशी चर्चा झाली आणि ती खोटी होती.

"अव्वा, फोटो काढू का?"

"काढ की. पेपरात येतंय का?"

"नाही नाही. असंच."

त्यानंतर त्याने अकरा फोटो काढले, स्क्रीनवर एक दाखवला, अव्वा हसल्या, तो पुढे गेला. "असंच" म्हणताना तो खोटं बोलत नव्हता. प्रदर्शनात कुठला फोटो लागणार हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पण अव्वांनी विचारलेला प्रश्न नेमका होता आणि त्याचं उत्तर सहा महिन्यांनी बदलणार होतं. हा संवाद त्याने आम्हाला सांगितला तो सगळं घडून गेल्यावर.

आता थोडं तंत्राचं, कारण पुढची भानगड तिथूनच सुरू होते. रस्त्यावर फोटो काढणारे बरेच जण ऑटोफोकसवर विसंबत नाहीत. ३५ मिलिमीटरची लेन्स, अॅपर्चर एफ ८, फोकस अडीच मीटरवर ठेवून द्यायचा. फुल-फ्रेम कॅमेऱ्यात मग साधारण पावणेदोन मीटरपासून पाच मीटरपर्यंत सगळं कामापुरतं स्पष्ट येतं आणि डोळा माणसाकडे ठेवता येतो. हा मुलगाही तसंच करतो. म्हणजे अव्वांच्या मागे, दाराच्या आत तीन-साडेतीन मीटरवर जे काही होतं, तेही त्या फोटोत नीट उतरलेलं होतं. फक्त काळोखात होतं म्हणून दिसत नव्हतं.

निवड, छपाई आणि ती ओळ

निवड आम्ही व्हॉट्सअॅपवर केली. तीनशेच्या वर फोटो होते, त्यातून बेचाळीस निवडले. सहा इंचांच्या स्क्रीनवर अव्वांच्या फोटोत अव्वा, सूप आणि ऊन एवढंच होतं. कुणी विरोध केला नाही.

मग हा फोटो मुख्य ठरला आणि चोवीस बाय छत्तीस इंचांत छापायचं ठरलं. फाइल तयार करताना त्या मुलाने सावल्या उचलल्या. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये डोळ्यांना निव्वळ काळ्या वाटणाऱ्या भागातही बरीच माहिती दडलेली असते. एक पट्टी थोडी उजवीकडे सरकवली की ती वर येते. काळोखातून आधी पाठमोरी सून वर आली, पानं कापत बसलेली. आणि तिच्या शेजारी उकिडवी बसलेली, शाळेच्या गणवेशातली एक मुलगी. बोटांत दोरा.

रात्री साडेअकराला मला त्याचा मेसेज आला : "काका, फोटोत तिसरी पिढी सापडली!"

फाइल उघडली तेव्हा मला जे वाटलं ते प्रामाणिकपणे लिहायचं तर आनंद वाटला. चांगला फोटो होता, तो आता मोठा फोटो झाला. आजी, आई, नात, एकामागे एक, उजेडातून अंधारात जाणाऱ्या. फोटोखाली काय लिहायचं ते माझ्याकडे होतं. मी दहा मिनिटांत लिहून पाठवलं : "तीन पिढ्या, एक सूप." सगळ्यांनी अंगठे दाखवले.

आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही की ही मुलगी कोण, तिला किंवा तिच्या आईबापांना कुणी विचारलंय का, आणि ती नेमकं काय करतेय.

त्या ओळीसकट फोटो निमंत्रणावर गेला, तीन फ्लेक्सवर गेला आणि उद्घाटनाच्या बातमीबरोबर एका स्थानिक दैनिकाला आम्हीच पाठवला. त्यांनी तो छान, तीन कॉलमी छापला.

प्रश्न कुठे उभा राहिला

अव्वांच्या घरच्यांना ही बातमी कशी कळली ते ऐकून आम्हाला हसावं की तोंड लपवावं ते कळेना. चौकात म्हाताऱ्या बाईच्या चेहऱ्याचा भलामोठा फ्लेक्स आपल्याकडे कशासाठी लागतो? वाढदिवस असतो पुढाऱ्यांचा. बाकीच्यांचा फ्लेक्स म्हणजे भावपूर्ण श्रद्धांजली. अव्वांच्या नात्यातल्या एकाने धावत्या रिक्षातून तो पाहिला आणि घरी फोन लावला, "कधी गेली? आम्हाला कळवलं पण नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अव्वांचा मुलगा हॉलवर आला. मागावर काम करणारा, चाळिशीचा. सोबत विडी कामगारांच्या युनियनमधल्या एक ताई. तो आवाज न चढवता बोलला, त्यामुळे जास्त लागलं.

"आईला विचारलं म्हणता. मुलीचं कुणाला विचारलं?"

मी सांगू लागलो की फोटो कष्टाचा सन्मान करणारा आहे वगैरे. ताईंनी मला मधेच थांबवलं. त्या म्हणाल्या, "सर, खाली काय लिहिलंय ते एकदा मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे पोरगी विडी वळते, असंच ना?"

विडी वळणं हे १९८६ च्या बालमजुरी प्रतिबंधक कायद्याच्या परिशिष्टात पहिल्यापासून आहे. मुलगी आठवीतली, म्हणजे चौदाच्या आतली. कार्ड तिच्या आईच्या नावावर. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कल्याण योजनेतून शिष्यवृत्ती मिळते, तिचा अर्जही या कार्डावरच झालेला. तिची शाळा, तिचा गणवेश, तिचा चेहरा, सगळं आम्ही चोवीस बाय छत्तीस इंचांत दाखवलं होतं आणि खाली पुराव्यासारखी ओळ घातली होती. उद्या ब्रँचवर कुणी हा पेपर पुढे केला आणि कार्ड अडकवलं, तर भांडायचं कुणी? "तुमी तर फोटो काढून घरी जाणार," अव्वांचा मुलगा म्हणाला. एवढंच.

त्या रात्रीचे पर्याय

हॉल बंद झाल्यावर आम्ही सात जण तिथेच बसलो. एक दिवस बाकी होता आणि तो रविवार, सगळ्यात जास्त गर्दीचा.

पहिला पर्याय, काहीच करायचं नाही. गटात असं म्हणणारे दोघे होते आणि ते मूर्ख नव्हते. त्यांचं म्हणणं : फोटो गल्लीत उभं राहून काढलाय, बाईंनी हो म्हटलंय, कॉपीराइट फोटो काढणाऱ्याचा. वकील मित्राने यातली शेवटची गोष्ट लगेच बाजूला केली. १९५७ च्या कायद्याने कॉपीराइट त्याचा आहे हे खरं, पण त्याचा अर्थ दुसऱ्याने ते चित्र वापरू नये एवढाच. चित्रातल्या माणसाची परवानगी ही वेगळी बाब. सार्वजनिक जागी माणसांचे फोटो काढायला आपल्याकडे सरसकट बंदी नाही, हेही खरं. पण पाय गल्लीत असले तरी लेन्स घरात शिरली होती, आणि तिने दाखवलेलं रस्त्यावरून जाणाऱ्याला उघड्या डोळ्यांनी दिसलंही नसतं. ते सावल्या उचलल्यामुळे दिसलं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तो मुख्यतः सरकारपासूनच्या संरक्षणाचा, पण त्याचा आत्मा उंबऱ्यापाशी येऊन थांबतो असं कुणी म्हणेल का, असं तो म्हणाला. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ७४ वं कलमही त्याने काढलं. मुलांची ओळख उघड करू नये असं ते सांगतं, पण चौकशी किंवा खटला चालू असलेल्या प्रकरणांबाबत. इथे चौकशी नव्हती. "ती आपल्या फोटोमुळे सुरू झाली, तर मग बघू की," असं तो कोरड्या आवाजात म्हणाला, आणि पहिल्या पर्यायाची बाजू घेणारे गप्प बसले.

दुसरा पर्याय, मुलीचा चेहरा पुसट करून फोटो पुन्हा छापायचा. तिसरा, उजवीकडून कापायचा, म्हणजे फक्त अव्वा राहतील. यावर सगळ्यात जास्त वाद झाला, कारण तो फोटोग्राफरांचा लाडका वाद आहे. एक जण म्हणाला की फोटोत नंतर काही पुसणं म्हणजे खोटेपणा. त्याला उत्तर म्हणून अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँगचं नाव निघालं, ते निघतंच. तिने १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला स्थलांतरित मजूर आईचा फोटो मंदीच्या काळाची ओळख बनला. त्याच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता, तो तिने काही वर्षांनी निगेटिव्हवर पुसून घेतला. चित्र नीटनेटकं दिसावं म्हणून अंगठा पुसता येतो, तर मुलीच्या भल्यासाठी चेहरा का नाही? त्या बाईचं पुढे काय झालं, असं आमच्यातल्या शिक्षिकेने विचारलं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचं नाव जगाला कळलं १९७८ मध्ये, आणि त्या फोटोतून आपल्याला काहीच मिळालं नाही, तो काढलाच नसता तर बरं झालं असतं, अशी तिची भावना होती. यानंतर थोडा वेळ कुणी बोललं नाही.

शेवटी निकाल लावला तो तत्त्वाने नाही, वेळेने. कापून, पुन्हा छापून, फ्रेम करून सकाळी दहापर्यंत येणार नव्हतं. आणि शहराने तो फोटो एकदा पाहिला होता. कापलेल्या फोटोपुढे उभं राहून लोक मुलगी कुठे गेली हेच शोधणार. राहिला चौथा पर्याय, काढून टाकायचा.

माझं मत अजूनही असं आहे की निर्णय बरोबर होता, पण त्याच्यापर्यंत जायला आम्ही दोन तास घेतले याची लाज वाटते. तो बाप हॉलमध्ये उभा असतानाच, त्याच्यासमोर फ्रेम उतरवायला हवी होती.

काय केलं

फ्रेम रात्रीच उतरवली. रिक्षा करून दोन चौकांतले आणि दारावरचा फ्लेक्स काढले, त्यात मध्यरात्र उलटली. निमंत्रणाचं चित्र व्हॉट्सअॅपवर जिथे जिथे पाठवलं होतं तिथे "कृपया काढा" म्हणून कळवलं. त्याचा उपयोग किती होतो ते सगळ्यांना माहीत आहे. दैनिकाच्या कार्यालयाला फोन केला. छापलेला अंक परत येत नाही, पण इंटरनेटवरच्या पानावरून त्यांनी फोटो दुपारपर्यंत काढला, काहीही न विचारता.

रिकाम्या जागेचं काय करायचं, यात आम्ही आणखी एक चूक केली. मी तिथे कागद लावला : "कुटुंबाच्या विनंतीवरून छायाचित्र काढण्यात आले आहे." आम्हाला वाटलं, हा पारदर्शकपणा. रविवारी सकाळपासून येणारा प्रत्येक जण त्या कागदापुढे थांबून "कुठलं कुटुंब? काय झालं?" विचारू लागला. दोघांनी तर मोबाइलवर पेपरातला फोटो काढून "हाच का?" म्हणून दाखवला. अकरा वाजता कागद काढला, शेजारचे दोन फोटो सरकवून जागा भरली. मग कुणी विचारलं नाही.

अकरा फ्रेम

प्रदर्शन संपल्यावर मंगळवारी शिक्षिका आणि तो मुलगा अव्वांच्या घरी गेले. मी गेलो नाही. चार पुरुष दारात उभे करणं नको, आणि शिक्षिकेला घरची भाषा तेलुगू असल्याने अव्वांशी नीट बोलता येईल, असं ठरलं. हा आमचा या प्रकरणातला पहिला शहाणपणाचा निर्णय.

मुलगी घरी होती. तिने शिक्षिकेला सांगितलं की ती विड्या वळत नव्हती. शाळेला निघाली होती, आईचा दोरा गुंतला होता, तो सोडवून दिला आणि गेली.

परत आल्यावर आम्ही त्या सोमवारचे अकराही फोटो पहिल्यांदा एकत्र उघडले आणि सगळ्यांच्या सावल्या उचलल्या. पहिल्या फोटोत मुलगी आतल्या दारात उभी, पाठीवर दप्तर. चौथ्यात वाकलेली. सहाव्यात, म्हणजे आपल्या फोटोत, उकिडवी, बोटांत दोरा; दप्तर पाठीवरच आहे, पण आईच्या खांद्याआड गेल्यामुळे दिसत नाही. नवव्यात ती नाहीच. फाइलींवरच्या वेळा बघितल्या. पहिल्यापासून नवव्यापर्यंत अडतीस सेकंद.

त्या अडतीस सेकंदांतल्या एका क्षणावर मी "तीन पिढ्या" लिहिलं होतं.

यावरून मुलगी कधीच विडी वळत नाही असं सिद्ध होतं का? नाही. पूर्व भागात सुट्टीच्या दिवशी मुली आईला हात लावतात हे सगळं सोलापूर जाणतं, आणि बापासमोर ती वेगळं काही बोललीही नसती. पण आम्ही जे सांगितलं ते फोटोत नव्हतं, हे नक्की. फोटोने दोरा दाखवला. बाकीचं माझ्या डोक्यात आधीपासून होतं, कारण मला तो फोटो तसा हवा होता.

परिणाम

कार्ड शाबूत राहिलं. ब्रँचवर कुणीतरी पेपर नेऊन दाखवला होता, तिथला माणूस काही बोलला नाही. त्या आठवड्यात सुनेला पानं मात्र कमी मिळाली. ती फोटोमुळे, की एरवीही अधूनमधून कमी येतात म्हणून, हे युनियनच्या ताईंनाही सांगता आलं नाही. शाळेत मुलींनी तिला काही दिवस "सूप" म्हणून चिडवलं. हे आम्हाला फार उशिरा कळलं आणि त्यावर करण्यासारखं काही नव्हतं. शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे सरकला.

आमच्या गटातून एक जण बाहेर पडला. त्याच्या मते आम्ही दबावापुढे झुकलो, आणि असंच चाललं तर रस्त्यावर फक्त कबुतरांचे फोटो काढायचे राहतील. त्याचं म्हणणं मी झटकून टाकू शकत नाही. विडीच्या धुळीत आयुष्य काढणाऱ्या बायका दाखवायच्याच नाहीत, असा याचा अर्थ झाला तर ते वाईट आहे.

ज्या मुलाने फोटो काढला त्याने तीन महिने कॅमेरा उचलला नाही. चूक त्याच्या "असंच" या शब्दात असल्याचं त्याने मनाला लावून घेतलं होतं. त्याला मी अनेकदा सांगितलं की शब्द माझे जास्त महाग पडले.

आता काय वेगळं करतो

संमतीचे छापील फॉर्म आम्ही करून पाहिले आणि सोडून दिले. कट्ट्यावर बसलेल्या माणसापुढे कागद आणि पेन केलं की तो सही करायला घाबरतो. घाबरला नाही तर न वाचता करतो. दोन्हीत काही अर्थ नाही.

त्याऐवजी एक वही आहे. फोटो काढताना कुठे विचारलं, काय विचारलं, समोरच्याने काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, हे त्याच दिवशी लिहायचं. समोरच्याने विचारलेला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्यात त्याची भीती असते. "पेपरात येतंय का?" हे त्या सोमवारी वहीत लिहिलेलं असतं तर ऑगस्टमध्ये दैनिकाला फोटो पाठवताना कुणाचा तरी हात थांबला असता, असं मला वाटतं. फोटो मोबाइलमधून भिंतीवर, भिंतीवरून फ्लेक्सवर, फ्लेक्सवरून पेपरात जाताना दर वेळी परत जाऊन विचारायचं. बोळ चार किलोमीटरवर होता. सहा महिन्यांत एकालाही तिकडे जावंसं वाटलं नाही, हे कुठल्याही कायद्याच्या चर्चेपेक्षा मला जास्त टोचतं.

छपाईसाठी फाइल तयार करताना जे नव्याने दिसू लागतं, तो आम्ही नवा फोटो मानतो. त्याची पुन्हा निवड होते, मोठ्या पडद्यावर, मागेपुढे काढलेल्या सगळ्या फ्रेमसकट. आणि फोटोखालची ओळ आता मी लिहीत नाही. ज्याने काढला तो लिहितो, फक्त जागा आणि काम. फोटो थोडे मुके वाटतात. चालतील.

मुलांचे फोटो घेतो का? घेतो, रस्त्यावर खेळताना घेतो. काम करताना दिसली तर नाही. यावर गटात अजून एकमत नाही, आणि बाहेर पडलेला मित्र याच वाक्याला हसेल.

अव्वा

एक गोष्ट मागे राहिली. या सगळ्यात बाप बोलला, ताई बोलल्या, आम्ही सात जण दोन तास बोललो. अव्वांना काय वाटतं हे मंगळवारपर्यंत कुणीच विचारलं नव्हतं.

त्यांची तक्रार निराळीच होती. शिक्षिकेने ती तेलुगूतून ऐकून आम्हाला मराठीत सांगितली. कामाची साडी होती, केस विंचरलेले नव्हते, आणि पाय कापलेत. फोटोत माणसाचे पाय नकोत होय? मग तो फोटो कसला?

ऑक्टोबरात त्यांनी सांगितलेल्या दिवशी तो मुलगा पुन्हा गेला. जरीच्या काठाची साडी, खुर्ची दाराबाहेर उन्हात, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर थेट लेन्समध्ये, पाय पूर्ण. रस्त्यावरच्या छायाचित्रणाच्या कुठल्याही कसोटीवर तो फोटो साधा आहे. मुलगा प्रिंट घेऊन गेला, तेव्हा त्याने सहज हार घातलेल्या आजोबांच्या तसबिरीशेजारचा खिळा दाखवला. अव्वा म्हणाल्या, "तिथं नको. एकदा मेले ना तुमच्या फ्लेक्सवर." प्रिंट टीव्हीच्या वर लागला.

पहिल्या फोटोची मूळ फाइल आम्ही पुसलेली नाही. ती गटाच्या हार्ड डिस्कवर वेगळ्या फोल्डरात आहे आणि वहीच्या शेवटच्या पानावर एक तारीख लिहिलेली आहे. त्या दिवशी ती मुलगी अठरा वर्षांची होईल. तेव्हा शिक्षिका तिच्याकडे जाणार, अकराही फोटो घेऊन, आणि त्यांचं काय करायचं ते तिला विचारणार.